जुनी मोटारसायकल घेताना: आधी नंबर, मग सांगाडा, शेवटी इंजिन

सोयाबीनचा पैसा हातात आला की आमच्याकडे घरोघरी दोन बोलणी निघतात, एक लग्नाची आणि दुसरी गाडीची. सप्टेंबर 2025 मध्ये मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. मराठवाड्यातल्या नद्यांना पूर आले, कित्येक अंगणांत गाड्या टाकीपर्यंत पाण्यात उभ्या राहिल्या. आणि त्याच महिन्याच्या 22 तारखेपासून 350 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. म्हणजे जुनी गाडी घ्यायला निघालेल्याला दोन प्रश्न जास्तीचे पडले: ही गाडी पाण्यात बुडालेली तर नाही ना, आणि नवी स्वस्त झाली असताना जुनीला हा भाव का द्यायचा?

माझ्या भाच्याला गाडी घ्यायची होती. गाव औसा तालुक्यात, काम लातूरच्या एमआयडीसीत, जाणं-येणं रोजचं. त्याच्याबरोबर मी तीन गाड्या बघितल्या. दोन सोडल्या, तिसरी घेतली. त्या फिरण्यात जे बघितलं, तेच इथे सांगतो.

बैल घेताना आपण काय बघतो?

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घेणारा माणूस शिंगांना लावलेल्या रंगाकडे बघत नाही. तो आधी ओठ वर करून दात बघतो. दुदाती आहे, चौसा आहे की जुळलेला, म्हणजे वय किती. मग खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो. भावाचं बोलणं त्यानंतर, तेही उपरण्याखाली बोटं धरून.

तोच माणूस मोटारसायकल घ्यायला गेला की किक मारतो, दोनदा रेस देतो आणि म्हणतो, "आवाज चांगला आहे." आवाज सगळ्यात शेवटी ऐकायचा असतो. कारण सरळ आहे. इंजिन बिघडलेलं असेल तर ते खर्च करून दुरुस्त होतं, आणि तो खर्च किती हे कुठलाही मिस्त्री आधी सांगू शकतो. सांगाडा, म्हणजे चेसिस, एकदा वाकला की तो पहिल्यासारखा क्वचितच होतो. आणि गाडीची ओळखच खोटी निघाली तर तिथे पैसा काही कामाचा नाही, पोलीस ठाण्याच्या आवारात ती गंजत पडते. म्हणून बघायचा क्रम हा असा: ओळख, सांगाडा, इंजिन.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

आरसी बुक किंवा आरसीचं कार्ड म्हणजे गाडीचा सातबारा समजा. त्यावर मालकाचं नाव असतं, गाडी कधी नोंदली ती तारीख असते, चेसिस नंबर आणि इंजिन नंबर असतो. सातबाऱ्यावर बोजा असतो तसा आरसीवर 'एचपी' असतो. एचपी म्हणजे गाडी कर्जावर घेतली होती आणि फायनान्सवाल्याचा तिच्यावर हक्क आहे, अशी नोंद. कर्ज फिटलं असेल, पण एचपी उतरवलेला नसेल, तर गाडी नावावर होताना अडते. फायनान्स कंपनीची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, आणि तिची सही-शिक्का असलेला फॉर्म 35 आधी मागायचा. "कर्ज केव्हाच फिटलंय हो" हे तोंडी बोलणं कामाचं नाही.

नंबर टाकून सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघितलं की पासिंग कधीपर्यंत आहे, विमा आणि पीयूसी चालू आहे का, फायनान्स कोणाचा आहे, हे घरबसल्या दिसतं. मालकाचं नाव तिथे पूर्ण दिसत नाही, मधे फुल्या असतात, पण समोरच्याच्या आधार कार्डाशी ताडून बघायला तेवढं पुरतं. ई-चलन किती बाकी आहे तेही लगेच बघून घ्या.

मग प्रत्यक्ष गाडीपाशी या. चेसिस नंबर बहुतेक मोटारसायकलींवर हँडलच्या खाली, पुढचा शॉकप (धक्के झेलणारा दांडा) ज्या नळ्यात बसतो त्या नळ्यावर ठोकलेला असतो. इंजिन नंबर खाली, क्रँककेसवर, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीवर. दोन्ही ठिकाणी वर्षानुवर्षांचं ऑइल आणि काळी माती बसून दगड झालेला असतो. एक फडकं रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवून पुसा. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आरटीओत चेसिस प्रिंट काढतात तसाच ठसा उमटतो. आता हा कागद आरसीशेजारी धरून एकेक अक्षर वाचा. अक्षरं एका ओळीत आहेत का? एखादा आकडा जास्त खोल, एखादा उथळ आहे का? आजूबाजूला कानस मारल्याचे ओरखडे, वेल्डिंगची शिवण, किंवा सगळी गाडी फिकी पडलेली असताना फक्त तेवढ्या जागी ताजा रंग आहे का? यातलं एक जरी दिसलं तरी फडकं घडी करून खिशात ठेवायचं आणि चहा पिऊन निघायचं.

आम्ही सोडलेली दुसरी गाडी याच पायरीवर गळाली. इंजिन मुरंब्यासारखं मऊ चालत होतं. पण आरसीवरचा मालक वारलेला, मधे दोन हात फिरलेले, आणि विकणाऱ्याकडे होते फक्त सही केलेले टीटी फॉर्म. टीटी फॉर्म म्हणजे मालकी बदलण्याचे फॉर्म 29 आणि 30. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर गाडी यावी लागते, त्याला फॉर्म 31 लागतो आणि बाकीच्या वारसांची संमतीही लागते. मेलेल्या माणसाच्या जुन्या सहीवर पुढचा व्यवहार करणं म्हणजे फेरफार न करता जमीन विकत घेणं. भाचा हिरमुसला, गाडी खरंच चांगली होती. तरी सोडली.

"गावातलीच गाडी आहे, नावावर करायची काय घाई?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर नीट द्यायलाच हवं.

मोटार वाहन कायद्यात, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत नावावर करून घ्यायची असते. विम्यावरचं नाव बदलण्याचा अर्जही 14 दिवसांत. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात स्पष्ट केलं की गाडी हातोहात कितीही जणांना विकलेली असो, अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरात ज्याचं नाव आहे तोच मालक धरला जाईल आणि भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे घाई विकणाऱ्यालाही हवी. त्याला हे शांतपणे समजावून सांगा. बहुतेक वेळा हे माहीत नसतं म्हणूनच तो टाळत असतो.

घेणाऱ्याचं नुकसान वेगळं आहे. गाडी चोरीला गेली तर तक्रार कोणाच्या नावाने द्यायची? पासिंग संपल्यावर नूतनीकरणाला सही कोणाची? शिवाय आता अर्ज ऑनलाइन असतो, ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो. तो माणूस ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेला असेल किंवा पुण्याला कामाला असेल, तर सहा महिने फोनवर फोन करत बसावं लागतं. पैसे पूर्ण द्यायच्या आधी अर्ज भरला गेला पाहिजे. थोडी रक्कम नावावर होईपर्यंत हातात ठेवा, आणि तसं पहिल्याच बैठकीत बोलून ठेवा.

दुसऱ्या जिल्ह्याची गाडी असेल, म्हणजे लातूरच्या एमएच 24 च्या माणसाने नांदेडची एमएच 26 किंवा बीडची एमएच 23 घेतली, तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, लागेल का, हे एजंटाला न विचारता आधी आरटीओतच विचारून घ्या.

"पंधरा वर्षांची गाडी सरकार बंद करणार आहे"

हा गैरसमज दिल्लीच्या बातम्यांमुळे पसरला. दहा वर्षांचं डिझेल आणि पंधरा वर्षांचं पेट्रोल वाहन, हा नियम दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता निघाला. आपल्याकडे खाजगी दुचाकीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून ती 5-5 वर्षांनी वाढवून मिळते, फक्त त्याला फी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. 2011 मध्ये नोंदलेली गाडी 2026 मध्ये या उंबरठ्यावर येते. म्हणून मॉडेल 2010-11 च्या आसपासचं असेल तर पासिंग कोण करून देणार, खर्च कोणाचा, हे भाव ठरवतानाच मिटवा. 1 एप्रिल 2019 आधीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का तेही बघा. नसेल तर तो खर्च आणि हेलपाटा तुमच्या वाट्याला.

सांगाडा: दोन चाकं एकाच चाकोरीत

बैलगाडीची चाकं चाकोरीतून चालतात तशी मोटारसायकलचीही दोन्ही चाकं एकाच रेषेत चालायला हवीत. हे बघायला कुठलं मशीन लागत नाही. गल्लीत मातीचा सपाट तुकडा बघा, नाहीतर रस्त्यावर बादलीभर पाणी ओता आणि त्यातून गाडी हळू, सरळ चालवायला सांगा. मागे वाकून चाकांचा माग बघा. एकावर एक रेघ पडली तर ठीक. शेजारी-शेजारी दोन रेघा दिसल्या तर चाक तिरकं बसवलंय, चिमटा (मागचं चाक धरणारा दुबेळा) वाकलाय किंवा चेसिस. चाक तिरकं असेल तर चेनजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवून ते पाच मिनिटांत सरळ होतं. खुणा जुळवूनही दोन रेघा राहिल्या तर ती गाडी अपघातात पडलेली आहे.

आपल्या भागात आणखी एक जागा मुद्दाम बघायला हवी. दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, खताची पोती, सगळं मोटारसायकलच्या मागच्या भागावर लादलं जातं. सीट उचला आणि मागच्या शॉकपची वरची टोकं जिथे चेसिसला बसतात तिथे टॉर्च मारा. तडा गेला असेल तर गंजाची बारीक तपकिरी रेघ दिसते. नवी वेल्डिंग असेल तर का केली ते विचारा. कॅन अडकवायला हुक जोडलेला असणं वेगळं आणि तुटलेली नळी जोडलेली असणं वेगळं.

मग डबल स्टँडवर लावून पुढचं चाक अधांतरी करा. शॉकपचे खालचे दोन्ही नळे धरून पुढे-मागे हलवा. 'खट खट' झालं तर कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलाय. हँडल हळू या टोकापासून त्या टोकाला फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तरी तेच. मागचं चाक आडवं हलवून बघा, डुललं तर बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश. शॉकपच्या नळ्यावर बोट फिरवा, तेलकट लागलं तर सील गेलंय. ही सगळी दुरुस्त होणारी कामं आहेत, फक्त कागदावर लिहून घेत चला.

इंजिन: हापशाचं वायसर

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या दिवशी सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिल्यांदा इंजिनला हात लावा. कोमट लागलं तर तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलंय. मग तासभर थांबा किंवा दुसऱ्या दिवशी या, कारण थंड इंजिनच खरं बोलतं.

आतलं काम समजून घ्यायला गावातला हापसा आठवा. हापशाचं वायसर झिजलं की दांडा कितीही हाणा, पाणी वर येत नाही. इंजिनात पिस्टन वर-खाली होतो आणि त्याच्यावरच्या रिंगा हे ते वायसर. त्या घट्ट बसल्या तर पेट्रोल-हवेचं मिश्रण नीट दाबलं जातं आणि गाडीला ओढ येते. झिजल्या तर दाब निसटतो, आणि खालचं ऑइल वर येऊन जळायला लागतं.

आता चावी बंद ठेवून किक हाताने हळूहळू दाबा. मधे एका ठिकाणी ती अडली पाहिजे आणि जोर लावल्यावरच पुढे गेली पाहिजे. तुपात बोट जावं तशी गेली तर दाब नाही. मग गाडी सुरू करा आणि सायलेन्सरच्या मागे उभे राहा. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ येते, ती लगेच विरते. त्याची काळजी नको. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. सुरू करतानाच भपकन निळा आला आणि मग थांबला तर बहुधा वॉल्व सील, हे हेडचं काम, त्यामानाने कमी खर्चाचं. रेस दिली की निळा येत असेल, आणि देत राहिलं की येतच राहिला, तर रिंगा आणि बोअर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) गेले, म्हणजे इंजिन खोलावं लागणार. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, कार्बोरेटर किंवा एअर फिल्टरकडे बघायचं.

वरच्या बाजूने बारीक 'टिक टिक' येते ती टॅपेटची, म्हणजे वॉल्व दाबणाऱ्या भागाची, ती सेट होते. बाजूने साखळी घासल्यासारखा आवाज येत असेल तर टायमिंग चेन. खालून, पोटातून, जड 'ठक ठक' येत असेल तर कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खाली जोडणारा दांडा, आणि तिथे भाव नव्याने ठरवायला हवा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. केबल काढून ठेवली की मीटर चालत नाही. गाडीचं खरं वय ब्रेक पेडलच्या आणि फुटरेस्टच्या रबरावर दिसतं. मीटरमध्ये 22,000 आणि पेडलचं लोखंड घासून चकाकतंय, हे जुळत नाही.

पाण्यात राहिलेली गाडी

आम्ही बघितलेली पहिली गाडी लख्ख होती. पॉलिश केलेली, सीट कव्हर नवं, मागणी चाळीस हजारांची. भाच्याचा जीव तिच्यावर बसला होता. आमच्याबरोबरच्या मिस्त्रीने काही न बोलता हेडलाइटचे दोन स्क्रू काढले आणि काच पुढे ओढली. आत, वायरांच्या खाली, काळ्या मातीचा पापुद्रा वाळून बसला होता. उन्हाळ्यातल्या रानाला पडतात तशा भेगा त्याला पडलेल्या. धुण्याच्या पाण्याने तिथे गाळ जात नाही, तो पुराचाच.

पुरातली गाडी वरून धुता येते, आतून नाही. हेडलाइटच्या आत, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांत, एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी, मीटरच्या काचेआड बघा. वायरांच्या पितळी टोकांवर मोरचुदासारखा हिरवा थर असेल तर ती टोकं पाण्यात राहिलेली. ऑइलची काडी बाहेर काढा, ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय.

सगळ्यात वाईट असतं ते पाण्यात असताना सुरू केलेलं इंजिन. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाणी जागा सोडत नाही, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत बाकीचं धुऊन-वाळवून पुष्कळसं ठीक करता येतं. 1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 (धुराच्या नव्या निकषाच्या) गाड्यांत पेट्रोल किती सोडायचं हे एक इलेक्ट्रॉनिक डबा ठरवतो. त्यात पाणी शिरलं तर आज चालेल आणि चार महिन्यांनी रानातल्या रस्त्यावर बंद पडेल. अशी गाडी निम्म्या भावातही घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

इथेनॉलच्या पेट्रोलचं काय?

पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. रोज चालणाऱ्या गाडीला त्याचा त्रास कमी. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत मात्र गंज धरतो. टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा (मोबाइलचा लाइट चालेल, पण मोबाइल दूर धरा). आत तांबूस खवले दिसले तर तेच पुढे कार्बोरेटरमध्ये अडकणार. पेट्रोलची नळी बोटांनी दाबा, कडक किंवा चिरलेली असेल तर बदलायच्या यादीत टाका. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ताकद असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं कमी पडणारच. तो गाडीचा दोष धरू नका.

चालवून बघणं आणि भाव

विमा चालू आहे ना याची खात्री करूनच चालवायला घ्या. विम्याशिवाय पहिल्यांदा सापडलात तर 2,000 रुपये दंड, आणि अपघात झाला तर त्यापुढचं सगळं अंगावर. किमान पाच-सहा किलोमीटर चालवा, एखादा चढ आणि एखादा खड्डा लागेल असा रस्ता निवडा. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस वाढवली आणि आवाजच वाढला, वेग नाही, तर क्लच प्लेटा गेल्या. परत आल्यावर गरम इंजिन बंद करून पुन्हा सुरू करा, आणि खाली ऑइलचा थेंब पडतोय का बघा.

चेन मागच्या चक्राच्या मधोमध पकडून मागे ओढा, दातांपासून सुटून वर आली तर चेन सॉकेट, म्हणजे चेन आणि तिची दातेरी चक्रं, बदलायचा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर म्हातारं झालेलं असू शकतं.

नवी गाडी किती स्वस्त झाली याचा हिशोबही खिशात असू द्या. कराआधी 60,000 किमतीची गाडी 28 टक्क्यांनी 76,800 ला पडत होती, 18 टक्क्यांनी 70,800 ला पडते. नवीच 6,000 ने उतरली असेल तर दोन वर्षांच्या गाडीला जुना भाव कशाला? दहा-बारा वर्षांच्या गाडीला मात्र हा मुद्दा फारसा लावू नका, तिचा भाव तिच्या प्रकृतीवर ठरतो.

तिसरी गाडी लातूरजवळच्या एका शिक्षकांची होती. 2014 ची, एकाच हातातली, रंग उडालेला. माग एका रेघेत पडला, नंबर जुळला, थंड किकला धूर नाही. पण कोन सेट, चेन सॉकेट, मागचा टायर आणि बॅटरी, चार कामं निघाली. मागणी 32,000 ची होती. भाच्याने मिस्त्रीच्या हातची खर्चाची यादी गुरुजींसमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "टायरचं मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं." 26,500 ला ठरलं. अर्ज तिथेच भरला, दीड हजार नावावर झाल्यावर द्यायचे ठरले. पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहिली, दुपारी 4 वाजून 20 मिनिटं, म्हणजे त्याआधीचं चलन त्यांचं आणि नंतरचं भाच्याचं.

निघताना दुसरी चावी मागितली. गुरुजींच्या घरातल्या बाई आत गेल्या आणि देव्हाऱ्यातून ती घेऊन आल्या. दसऱ्याच्या पूजेचं कुंकू तिच्यावर तसंच होतं.